पेडणेकरांचे खांदे

पेडणेकर कोणाशी बोलताहेत हे ओळखायला मला त्यांचा आवाज लागत नसे. ऑफिसात माझ्या टेबलासमोरच त्यांची काचेची केबिन होती. दार लागलं की आतलं अक्षरही बाहेर येत नसे, पण खांदे दिसायचे. मान सैल सुटून डावी-उजवीकडे झुलायला लागली की समजायचं, समोर केरळ आहे. पाचही बोटं एकत्र जुळवून हात हवेत थबकला, म्हणजे अरबी. दोन्ही खांदे इस्त्री केल्यासारखे सरळ, हनुवटी आत, हात टेबलाखाली, म्हणजे जनरल मॅनेजर हॅरिससाहेबांचा फोन. साहेब पलीकडच्या खोलीत असायचे, त्यांना काही दिसत नव्हतं, तरी हे असेच बसत. आणि छाती फुगून शर्टाच्या गुंड्यांवर ताण आला, उजवा तळवा हृदयावर गेला, की पठाण ड्रायव्हर गुल रहीम आत आलाय हे मी शपथेवर सांगितलं असतं.

माझ्याशी बोलताना ते कसे दिसतात हे मला कळायला मार्ग नव्हता. ते स्टोअरच्या थॉमसने करून दाखवलं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, खांदे तिरके, एक बोट वर. "मॅडम, यू पूना पीपल," थॉमस म्हणाला, "ऑल टीचर्स." मी पुण्याची हे खरं आहे. बोटाचं मात्र मला आजही मान्य नाही.

आमची कंपनी जहाजांना किराणा पुरवायची. फुजैराच्या समुद्रात तेल भरून घ्यायला जहाजं नांगर टाकून उभी असत, आणि त्यांना बटाटे, अंडी, दोरखंड, रंगाचे डबे, साबण असं सगळं आम्ही होडीतून पोचतं करायचो. मोठं गोदाम फुजैराला, ऑफिस आणि छोटं स्टोअर दुबईत. मी कागदपत्रांच्या खात्यात. पेडणेकर पर्सोनेल ऑफिसर. रजा, व्हिसा, भांडणं, कोणाच्या बायकोचं बाळंतपण, कोणाचा हरवलेला पासपोर्ट, सगळं त्यांच्याकडे. पन्नाशीला टेकलेले, बुटके, कपाळ मोठं, टाय नेहमी पोटाच्या वर संपलेला. मूळ गाव वेंगुर्ल्याजवळ. नव्वद सालाच्या आधीपासून आखातात.

कुठे काय बोलायचं याचे त्यांचे नियम पक्के होते. ऑफिसात मी 'मिसेस लेले'. फुजैराला जाणाऱ्या व्हॅनमध्ये बसले की 'लेलेबाई'. शुक्रवारी आम्ही दुबईतल्याच करामाला त्यांच्या घरी जेवायला गेलो की 'वहिनी'. एकदा ऑफिसात, तेही हॅरिससाहेबांसमोर, तोंडून 'वहिनी' निघून गेलं. साहेबांना त्यातलं काय कळणार होतं? पण पेडणेकर संध्याकाळपर्यंत कानकोंडे होऊन फिरत होते. निघताना माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाले, "मिसेस लेले, मघाशी जरा घरगुती झालं. माफ करा."

भाषा किती येत होत्या? मोजल्या तर सात-आठ भरतील, पण खरं सांगायचं तर एकही धड येत नव्हती. तरुणपणी ते करामातल्या एका खोलीत सात जणांबरोबर राहिले होते. एक स्वयंपाकघर, एक न्हाणीघर, आणि कोणालाच कोणाची भाषा येत नाही. तिथे त्यांनी आपलं शास्त्र बनवलं.

"भाषा शिकायची म्हणजे व्याकरण नाही हो लेलेबाई," ते व्हॅनमध्ये पुढच्या सीटवरून मागे वळून सांगायचे. "पहिलं वाक्य एकच शिकायचं. जेवलास का. 'नाव काय' विचारलं की माणूस सावध होतो. 'गाव कुठलं' विचारलं की विचार करतो, याला सांगू की नको. 'जेवलास का' म्हटलं की नुसतं उत्तर देतो. मग पुढचं तोच शिकवतो."

थॉमसला ते मल्याळीत 'ऊणु कळिच्चो?' विचारत. पॅकिंगमधल्या मुरुगेशनला तमिळमध्ये 'साप्टाच्चा?'. जहाजावरच्या फिलिपिनो स्वयंपाक्याला 'कुमाइन का ना?'. एकदा एका जहाजावरचा स्वयंपाकी बटाटे घेईना. म्हणाला, कोंब आलेत, सही करणार नाही. आमचा सेल्समन तासभर डोकं आपटत होता. पेडणेकर दोराच्या शिडीवरून कसेबसे वर चढले, टाय तोंडात धरून, आणि धापा टाकत त्याला विचारलं, "कुमाइन का ना?" तो माणूस पाहतच राहिला. मग यांना भातावर काहीतरी आंबट डुकराचं वाढून आलं, आणि जन्मात डुक्कर न खाल्लेल्या पेडणेकरांनी ते संपवलं. बटाटे उतरले. परतताना होडीत ते हिरवेनिळे पडले होते. "सुमतीला सांगू नका," एवढंच म्हणाले.

सुमतीवहिनी त्यांच्या पत्नी, नाशिकच्या. घरात भाषा त्यांची चाले, स्वच्छ नाशिकची. मुलगी इथल्याच शाळेतली, बापाच्या सगळ्या भाषांना तिचं एकच उत्तर असे, "बाबा, स्टॉप इट." आणि पेडणेकरांची स्वतःची मालवणी? ती कोणी ऐकलेलीच नव्हती. वेंगुर्ल्याहून भावाचा फोन आला की ते वायर ओढत गॅलरीत जात आणि दार लावून घेत.

"मला लग्न झाल्यापासून चार वाक्यं ऐकायला मिळाली असतील," एका शुक्रवारी सुमतीवहिनी आमटी वाढता वाढता म्हणाल्या. तेव्हाही भावाचा फोन आला होता. "तीही पायाच्या बोटाला काही लागलं म्हणून."

मी काचेच्या दारातून पाहिलं. गॅलरीत ते पाठमोरे उभे होते. मी त्यांचे सगळे खांदे ओळखत होते, हे मात्र नवीन होते. खांदे नव्हतेच म्हणा ना. अंगातली हाडं काढून वाळत घातल्यासारखा माणूस कठड्याला टेकला होता आणि मोठमोठ्याने हसत होता.

आता हॅरिससाहेबांच्या जेवणाची गोष्ट. ती मी पुष्कळ वर्षं पार्ट्यांमध्ये साभिनय सांगितली आहे आणि लोक पोट धरून हसलेत. पुढचं सगळं त्यातूनच निघालं, हे मी त्यांना सांगत नसे.

झालं असं, की एक दिवस दुपारी एकच्या सुमाराला कॉरिडॉरमध्ये साहेब समोरून आले. पेडणेकर नुकतेच थॉमसला जेवणाचं विचारून, मुरुगेशनला विचारून, तिसऱ्या कोणाला तरी विचारून येत होते. जीभ त्याच रुळावर होती. ते म्हणाले, "हॅव यू ईटन, सर?"

साहेब थांबले. घड्याळ पाहिलं. "नो, ॲज अ मॅटर ऑफ फॅक्ट," ते म्हणाले. "व्हेअर आर यू टेकिंग मी?"

सगळ्या जगाला पेडणेकर हा प्रश्न विचारत आणि सगळं जग 'हो' किंवा 'आता जाईन' म्हणून पुढे जाई. या एकट्या माणसाने ते आमंत्रण धरलं. पेडणेकरांचा चेहरा मी पाहिलाय. जहाजाची शिडी परवडली, असा. शेवटी ते त्यांना करामातल्या आपल्या नेहमीच्या खाणावळीत घेऊन गेले. आणि तिथे साहेबांनी पाहिलं, की आपला हा पोटावर टाय असलेला पर्सोनेल ऑफिसर दारातून आत जातो, तर टेबलाटेबलावरून हाका येतात. कोणी मल्याळीत, कोणी पंजाबीत, गल्ल्यावरचा अरबीत, आणि हा प्रत्येक टेबलापाशी वेगळाच माणूस होऊन वाकतो. साहेबांनी म्हणे सुरमई खाल्ली, घाम पुसला. मग म्हणाले, "पेडणेकर, यू आर अ व्हेरी यूजफुल मॅन."

ते वाक्य पेडणेकरांनी आठवडाभर मिरवलं.

आणि गुल रहीम. पाकिस्तानातल्या स्वातचा, उंच, मेंदी लावलेली दाढी, आमची फुजैराची व्हॅन तो चालवायचा. पेडणेकरांना 'लाला' म्हणायचा, म्हणजे मोठा भाऊ. त्यांना पश्तो त्यानेच शिकवली, रस्त्यावर. तो भेटला की पेडणेकर म्हणत, "स्तड़े मशे." म्हणजे थकू नकोस. त्याच्याकडे एकमेकांना भेटल्यावर असंच म्हणतात. मला ते फार आवडायचं. आमच्याकडे एकमेकांना भेटल्यावर वजन वाढलंय असं सांगतात.

धैद गाव मागे पडून डोंगर सुरू झाले, की व्हॅनमध्ये नाटक सुरू व्हायचं. गुल रहीमला इंग्रजी येत नव्हतं. जेवढं येत होतं तेवढं या नाटकातलंच. पेडणेकर हॅरिससाहेब व्हायचे. खांदे सरळ, हनुवटी आत.

"गुल रहीम. आय रिग्रेट टू इन्फॉर्म यू. यू आर टर्मिनेटेड."

गुल रहीम स्टिअरिंगवरचा एक हात काढून सॅल्यूट ठोकायचा. "रीझन, सर?"

"टू मच टी."

"थँक्यू सर. व्हेरी काइंड सर."

आणि मग दोघंही एवढे हसायचे, की मी मागून ओरडायची, "अहो, रस्त्याकडे बघायला सांगा त्याला." वाटेत मसाफीला शुक्रवार बाजार आहे, जो रोज भरतो. तिथे गालिच्यांच्या आणि फळांच्या दुकानांत थांबून खरोखरच टू मच टी व्हायचा. दर फेरीला हे नाटक. कारणं बदलत. कधी दाढी फार लांब, कधी नाक फार मोठं. उत्तर तेच. थँक्यू सर, व्हेरी काइंड सर.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला धंदा बसला. जहाजं दुसऱ्यांकडून माल घ्यायला लागली. माणसं कमी करायचं ठरलं. आता तिकडच्या नोकरीचं असं होतं, की नोकरी गेली की व्हिसाही जातो, म्हणजे थोड्या दिवसांत बिऱ्हाड आवरून देश सोडायचा, मुलांची शाळा मधेच टाकायची. असं कोणालाही सांगणं सोपं नाही. हॅरिससाहेबांना ती सुरमई आठवली.

"त्यांना त्यांच्या भाषेत सांग," ते पेडणेकरांना म्हणाले. "इट्स काइंडर."

आणि पेडणेकरांना ते पटलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर लोक म्हणाले की ते घाबरले, की ते साहेबाचे झाले. तसं नव्हतं. ते माझ्या टेबलाशी आले तेव्हा मनापासून म्हणत होते, "मिसेस लेले, असली बातमी माणसाने परक्या भाषेत का ऐकावी? निदान आपलं कोणीतरी सांगतंय असं तरी वाटेल."

पहिला मुरुगेशन. मी काचेतून पाहिलं. पेडणेकरांनी स्वतः उठून त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. ओठांवरून कळलं, "साप्टाच्चा?" मुरुगेशन हसून मान हलवत होता. मग हसणं थांबलं. मग त्याने पेडणेकरांचे दोन्ही हात धरले. जाताना त्याने त्यांना नमस्कार केला. पेडणेकर डोळे पुसून बाहेर आले आणि म्हणाले, "बरं झालं मी सांगितलं."

मग दुसरा. मग तिसरा. प्रत्येकाशी तसंच, त्याच्या भाषेत, जेवणापासून सुरुवात. ऑफिसात काय चाललंय हे कळायला लोकांना फार वेळ लागला नाही. पेडणेकरांना मात्र कळलं नव्हतं. पूर्वी ते पॅसेजमधून गेले की माणसं मुद्दाम दारात येत. आता टेलिफोन ऑपरेटर फोन नसताना रिसीव्हर कानाला लावून बसे. मंडळी घाईघाईने बाथरूममध्ये जात. पेडणेकरांना वाटलं, लोक दुःखात आहेत.

एका सकाळी पॅन्ट्रीत मी आणि थॉमस चहा घेत होतो. पेडणेकर आले. कप घेतला, साखर घातली, ढवळताना सहज, पंधरा वर्षांच्या सवयीने, मान सैल सोडून थॉमसला म्हणाले, "ऊणु कळिच्चो?"

सकाळचे दहा वाजले होते. जेवणाचं विचारायची ती वेळही नव्हती. थॉमसच्या हातातला काळा चहा बशीत सांडला.

"सर," तो म्हणाला, "प्लीज, सर. इंग्लिशमध्ये विचारा."

"अरे, मी नुसतं..."

"मुलगी दहावीत आहे, सर. मार्चपर्यंत. प्लीज."

पेडणेकर म्हणाले, "थॉमस, काही नाही रे. काही नाही. मी नुसतं विचारलं." हे ते हिंदीत म्हणाले, मग इंग्रजीत म्हणाले, मल्याळीत म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. थॉमस मान हलवत होता, यस सर, यस सर. पण बशीतला चहा तो कपात ओतायला गेला तर तो टेबलावरच जास्त गेला. पेडणेकर मला म्हणाले, "मिसेस लेले, तुम्ही सांगा ना त्याला." मी सांगितलं. थॉमसने माझ्याकडे पाहिलंही नाही.

त्या दिवसापासून त्यांनी सगळ्यांशी इंग्रजी सुरू केलं. थॉमसशी, ऑफिस बॉयशी, अगदी माझ्याशीही. काचेच्या केबिनमध्ये दिवसभर एकच खांदे. सरळ, हनुवटी आत. बघवायचं नाही. थिएटरात एकच सीन अडकून राहिल्यासारखं.

आणि मग एका गुरुवारी त्यांच्याकडे गुल रहीमचा कागद आला.

संध्याकाळचे पाच वाजले असतील. मी खाली पार्किंगमध्ये नवऱ्याच्या गाडीची वाट पाहत उभी होते. गुल रहीम व्हॅनच्या काचा पुसत होता. पेडणेकर आले, हातात तो कागद. मला पाहून जरा थबकले, मग व्हॅनपाशी गेले. मी वाट पाहत होते छाती फुगायची, तळवा हृदयावर जायची. निदान हिंदीची. खांदे सरळ झाले. हनुवटी आत गेली.

"गुल रहीम. आय रिग्रेट टू इन्फॉर्म यू दॅट द कंपनी नो लाँगर रिक्वायर्स युअर सर्व्हिसेस."

गुल रहीमचा चेहरा उजळला. किती दिवसांनी लाला त्याच्याशी नीट बोलला होता. त्याने फडकं खांद्यावर टाकलं, टाचा जुळवल्या आणि खाडकन सॅल्यूट ठोकला.

"रीझन, सर?"

पेडणेकरांनी कागदाकडे पाहिलं. मग म्हणाले, "रिडक्शन ऑफ स्टाफ."

"ये नया है, लाला," गुल रहीम म्हणाला आणि हसायलाच लागला. मांडीवर थाप मारून, दाढी हलवत. "थँक्यू सर. व्हेरी काइंड सर."

मला वाटलं आता सांगतील. आता कागद पुढे करतील. पेडणेकरांच्या ओठांचे कोपरे हळूहळू वर गेले. ते हसले. त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, त्याच्या दंडावर थोपटलं आणि ते जिन्याकडे वळले. मागून गुल रहीम ओरडून सांगत होता, "लाला, शनिवार को मसाफी में चाय मेरी तरफ से."

शनिवारी सकाळी वॉचमनने त्याला व्हॅनची किल्ली दिली नाही. वॉचमनला वरून तसं सांगितलं होतं. गुल रहीम जिना चढून आला. पेडणेकरांच्या केबिनचं दार त्याने लावलं नाही, म्हणून मला सगळं ऐकू आलं. नसतं आलं तर बरं झालं असतं.

तो पश्तो बोलला नाही. लालाही म्हणाला नाही. आपण सरकारी कचेरीत जशी जपून बोलतो तशी जपून हिंदी बोलत होता.

"साहब, परसों रात मैंने डेरे में सब को सुनाया, आपने क्या बोला, मैंने क्या बोला. पूरा करके दिखाया. सब बहुत हँसे. अब उनको जाके क्या बोलूँ?"

पेडणेकर उभे राहिले. त्या खांद्यांना कुठे जावं ते कळेना. सरळ झाले, ढिले पडले. उजवा हात हृदयाकडे निघाला आणि मधेच टाय चाचपून खाली आला.

"पश्तो में बता देते साहब," गुल रहीम म्हणाला. "थोड़ा रो लेते दोनों. फिर चाय पी लेते."

आणि तो गेला. खाली जाऊन व्हॅनमधली आपली जपाची तसबीह आणि उशी घेतली, आणि गेला.

त्यानंतर पेडणेकर त्या कंपनीत आणखी काही वर्षं होते. उरलेल्यांच्या याद्या वाचायला नंतर साहेबांनी दुसरा कोणी शोधला. पेडणेकरांनी नाही म्हटलं म्हणे. कसं म्हटलं मला ठाऊक नाही; त्या दिवशी केबिनला पडदा होता. तो त्यांनीच लावून घेतला होता. काच झाकल्यावर मला ते फारसे दिसलेच नाहीत. जेवायचा डबा आत नेत. थॉमसची मुलगी दहावी झाली, बारावी झाली, थॉमस तिथेच टिकला, आणि दोघं एकमेकांना रोज 'गुड मॉर्निंग' म्हणत.

आम्ही पुढे शारजात अल नहदाला राहायला गेलो. मीही नोकरी बदलली. मधूनमधून बातम्या यायच्या. पेडणेकरांनी गाडी विकली, सगळीकडे टॅक्सीने फिरतात. आमच्या मराठी मंडळींमध्ये त्यावर भरपूर चर्चा झाली. कोणी म्हणे डोळे अधू झाले. कोणी म्हणे निवृत्तीच्या आधी चिक्कूपणा सुरू झाला. टॅक्सीने चिक्कूपणा कसा होतो, हे मात्र कोणी सांगेना.

कायमचं भारतात परत जायच्या आदल्या शुक्रवारी ते आमच्याकडे जेवायला आले. सुमतीवहिनी मुलीकडे आधीच गेल्या होत्या. ते वाळले होते. टाय नव्हता, म्हणून पोट एकटंच वाटत होतं. माझी धाकटी त्यांच्याशी इंग्रजीत बोलली, तेही तिच्याशी इंग्रजीत बोलले, छान, सावकाश, पाहुण्यासारखे. मी विचारलं, "मासे आणखी घ्या ना," तर म्हणाले, "नो, नो, प्लेंटी." मला रडू येईल की काय असं वाटलं, म्हणून मी टिंगल केली. म्हटलं, "पेडणेकर, वेंगुर्ल्याला जाऊन माशांशीही इंग्रजीच बोलणार का?" ते हसले. फार छोटं हसले.

चार वाजता मी त्यांना टॅक्सीत बसवून द्यायला खाली आले. एक टॅक्सी आली. त्यांनी वाकून ड्रायव्हरचा चेहरा पाहिला आणि हात हलवून तिला जाऊ दिलं. दुसरी आली. तिलाही तसंच.

"गुल रहीम परत आलाय म्हणतात," ते रस्त्याकडे बघत मराठीत म्हणाले. "टॅक्सी चालवतो. थॉमसने पाहिला एकदा, दीड वर्षापूर्वी. दुबईत की शारजात, ते त्याला नक्की आठवत नाही. मी विचारत असतो पठाण ड्रायव्हरांना."

"पश्तोत?"

"नाही," ते म्हणाले. "हिंदीत. स्वातचा गुल रहीम माहीत आहे का, एवढंच."

मग आम्ही दोघं उन्हात उभे राहिलो. मी नेहमी सगळे बोलतात तेच बोलले. म्हटलं, "तुमची काय चूक हो? त्याने थट्टा समजली. तुम्ही कशाला मनाला लावून घेता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि माझ्या डोळ्यांसमोर त्यांच्या अंगातली हाडं निघाली. गॅलरीतल्यासारखे ते विजेच्या खांबाला टेकले.

"माका म्हायत होतां, वहिनी," ते म्हणाले. "तो हसतलो, ह्या माका म्हायत होतां. म्हणानच मी इंग्लिश बोललंय."

एवढंच. सुमतीवहिनींच्या चार वाक्यांनंतर ही मालवणी माझ्या वाट्याला आली होती, आणि ती परत कशी करावी ते मला सुचेना. मी त्यांच्या बाहीला हात लावला. तेवढ्यात टॅक्सी आली. त्यांनी वाकून पाहिलं. कोवळ्या काळ्या दाढीचा एक पोरसवदा पठाण होता. गुल रहीम नव्हता. पण या वेळी ते आत बसले.

टॅक्सी पन्नास पावलांवरच्या सिग्नलला लाल दिव्यात थांबली. मी फुटपाथवरून पाहत होते. मागची काच होती, आणि काचेतून पाहायची मला वर्षानुवर्षांची सवय. पेडणेकर दोन सीटच्या मधून पुढे झुकले होते. त्यांचा उजवा तळवा वर आला आणि हृदयावर टेकला. म्हणजे पश्तो. पण छाती फुगली नाही. मान खाली गेली, खांदे खाली गेले, आणि ते बोलत राहिले. पश्तो बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच वाकलेलं पाहत होते.

ड्रायव्हर पूर्ण मागे वळला होता. सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. टॅक्सी हलली नाही.